बिनसाखरेचं दूध

७ जुलै १९७४, कोल्हापूर

अखेर अण्णाकडे कायमची राहायला आले. बेळगावची खोली सोडताना डोळे भरले होते. पण राजारामपुरीतल्या या गच्चीत उभी राहिले आणि वाटलं, म्हातारपण काही वाईट जाणार नाही. माझे हे गेले, लीलावहिनी गेल्या. उरलो आम्ही भाऊ-बहीण. वहिनींना माझ्यासारखाच मधुमेह होता, म्हणून अण्णाला सगळं ठाऊक आहे. माझं इन्शुलिन त्यानं फ्रिजमध्ये ठेवलं. सुई तोच टोचणार म्हणतो. कॉलेजातून निवृत्त झाला तरी प्राणिशास्त्र सुटलेलं नाही, बेडूकमाशांच्या बरण्या घरभर आहेत. सकाळी दूधकट्ट्यावर जाऊन माझ्यासाठी समोर पिळलेलं म्हशीचं दूध आणलं. लहानपणी माझ्या कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की सिस्टर फाटक उघडायच्या आणि बाहेर सायकल धरून हाच उभा असायचा. तसाच हसला.

१५ जुलै

आज सूक्ष्मदर्शकातून बेडूकमाशाचं स्वादुपिंड दाखवलं. शेवाळ खाणारा हा जीव बेडूक होताना त्याचं स्वादुपिंड जवळजवळ विरून जातं आणि उरल्यासुरल्या पेशींतून नवं घडतं, किडे पचवणारं. तेवढे दिवस तो काही खात नाही, स्वतःची शेपटी जिरवून जगतो. पाण्यात थायरॉइडची भुकटी टाकली की सगळं लवकर होतं. अण्णा म्हणाला, जुनं मोडून नवं करता येतं, श्यामे, मग माणसानंच काय घोडं मारलंय? मी हसले. त्याचे डोळे पाणावले होते.

२ ऑगस्ट

छातीत सारखी धडधड. घाम. अक्षर बघा कसं झालंय, सिस्टरांनी हातावर पट्टी मारली असती. भरपूर जेवते तरी बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. कामवाली तानाबाई भांडी घासता घासता ओरडलीच, बाई, ब्लाउज लोंबाय लागलंय की! वैनीबी अशाच वाळत गेल्या बगा. त्यास्नीबी सायेबच दूध पाजायचे.

अण्णानं आतून ऐकलं.

४ ऑगस्ट

तानाबाईला कामावरून काढलं. फार बोलते म्हणाला.

५ ऑगस्ट

मी दुधात साखर घेत नाही. मग अण्णा चमच्यानं काय ढवळतो?

विचारलं. लपवलं नाही त्यानं. थायरॉइडची भुकटी. माझं बिघडलेलं स्वादुपिंड विरेल, नवं येईल, सुई कायमची सुटेल. केवढ्या मायेनं सांगत होता. मी म्हटलं, अरे, मी बेडूक नाही. तो म्हणाला, लीलापण हेच म्हणायची.

वहिनी गेल्या तेव्हा त्याचं सांत्वन करायला मीच आले होते. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

८ ऑगस्ट

दूध मोरीत ओतलं. आता समोर बसून पाजतो. इन्शुलिनही बंद — नव्या ग्रंथीला कामाची सवय लागायला हवी म्हणे. बाहेरून कडी. खिडकीतून हाक मारली, घशातून हवाच निघाली. लीलावहिनींच्या वेळी आपण चुकलो नव्हतो, एवढंच त्याला सिद्ध करायचंय. मी त्यासाठी हवी आहे. बेळगावात सगळ्यांना सांगून आले होते, भाऊ असावा तर असा.

१० ऑगस्ट

जेवण बंद. या दिवसांत खायचं नसतं म्हणाला. तहान — घागर संपवली. मांड्यांचं कातडं लोंबतंय. माझं मांस हीच माझी शेपटी. जिरवते आहे.

तारीख माहीत नाही

तोंडाला गोडसर वास. झोप. अण्णा उशाशी. सायकलवर पुढे बसवायचा तेव्हा — काय सांगत होते

ऊन आहे

स्टोव्हचा आवाज. काहीतरी उकळतोय. सुई असेल. देवा, इन्शुलिन देणार. शेवटी बहीणच ना मी. पाझर फुटला —

आला. हसतोय. म्हणतो, आता नवं तयार झालं असणार, श्यामे. पण बघितल्याशिवाय कळायचं कसं?

सुई नाही. बेडूक चिरायला टाचतो तो मेणाचा ट्रे. त्यात वाफाळती कात्री, आणि —

पदर बाजूला करतोय. हळुवार. अण्णा, मी अजून