ट्रॅक्टरचा खांदा

मु. काष्टी,
घटस्थापना, १९७३

तीर्थस्वरूप बन्सीमामांच्या पायांवर काष्टीहून भाचा सहादेव डोकं ठेवतो. (डोक्याला अजून ग्रीसचा वास आहे, तेव्हा पाय नंतर धुऊन घ्यावेत.) इकडे सर्व खुशाल. तिकडे आपली पिठाची गिरणी, मामींचे गुडघे आणि राजूरचा पाऊस यांचं कसं चाललं आहे ते सवडीने कळवावं. आपण पोळ्यासाठी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेला तुपाचा डबा पोचला, हे खरं तर तेव्हाच कळवायला हवं होतं, पण पोळ्यापासून परवापर्यंत मला घास गिळायला फुरसत नव्हती. तूप फार उत्तम होतं. ते कुठे कुठे लागलं ते पुढे येईलच.

मामा, मी जिंकलो. हे वाक्य पत्राच्या शेवटी लिहिणार होतो, पण तोवर दम धरवेना. आपला ट्रॅक्टर आपल्या दारात आहे, सेल्फ मारला की पहिल्या हिसक्याला उठतो, आणि ज्यांनी ज्यांनी मला वेड्यात काढलं होतं त्यांना मी रोज सकाळी कारण नसताना तो चालू करून दाखवतो. आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

आपणास ठाऊक आहे की दुष्काळात आपली बैलजोडी छावणीत नेली होती. त्यातला एक तिथेच बसला तो उठला नाही, आणि दुसरा एकटा गोठ्यात उभा बघवेना म्हणून आप्पांनी तो देऊन टाकला. पुढे नांगरायचं कशाने यावर घरात रोज वाद. आप्पा म्हणायचे, पाऊस पडू दे, जोडीच घेऊ. मी ट्रॅक्टरच्या बाजूने इतका बोललो, की शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी होकार दिला, असं आमच्या मुक्ताचं मत आहे. (बायकोचं मत मी फक्त माहितीसाठी देतो.) वर मीच नगरहून त्याला पुढे लोखंडी सूप बसवून आणलं. नांगरणी नसेल तेव्हा या सुपाने मुरूम-माती उचलून ट्रॉलीत भरायची, म्हणजे यंत्र बसून खाणार नाही, असा माझा विचार. वैशाखात पूजेला आपण आला होतात. बॉनेट उघडून आपण आईला एकेक भाग हात लावून समजावत होतात, तेव्हा मी लांबून बघून मनात म्हटलं, यंत्रातलं कळणारा आपल्या घराण्यात मामांनंतर मीच. ते आता सिद्ध झालेलं आहे.

आपल्या भागात नवा साखर कारखाना उभा राहतो आहे, त्याच्या आवारात मुरूम टाकायचं काम आपल्या सुपाला मिळालं. मी हवेतच होतो. आणि पोळा झाला, दोन दिवस गेले, आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक्. पुन्हा मारला, पुन्हा टक्. शेवटी गल्लीतली माणसं गोळा करून धक्का मारला. धक्का मारणारा माणूस फुकट येतो हे खरं, पण तो चहा प्यायल्याशिवाय जात नाही, आणि चहा पिताना सल्ला दिल्याशिवाय उठत नाही. रोज सकाळी आमच्या ओट्यावर सभा भरू लागली. मुक्ताने चहाचं पातेलं लहान पडतं म्हणून पुरणाचं काढलं. ट्रॅक्टर मी संध्याकाळी घराशेजारच्या कालव्याच्या चारीच्या चढावर नेऊन उभा करू लागलो, म्हणजे सकाळी उतारावरून सोडला की चालू होईल. तर गावाने त्या चढालाच सहादेवाचा सेल्फ असं नाव दिलं.

पहिला संशय अर्थातच बॅटरीवर. ती मी पोत्यात घालून एसटीने नगरला चार्जिंगला नेली. वाटेत ती जराशी कलंडली, आणि शेजारच्या गृहस्थांच्या धोतराला बसल्या जागी जाळी पडली. ते उतरेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी ते आणून दिलं नाही. भरलेली बॅटरी आणून बसवली, दोन दिवस ट्रॅक्टर छान चालला, मी मिशीला पीळ दिला, आणि तिसऱ्या दिवशी टक्. म्हणजे बॅटरी दोषी नाही, तिला भरणारा दोषी. गिरणीवाल्याला मी काय सांगावं, पण मामींना वाचून दाखवाल म्हणून लिहितो: इंजिन फिरलं की एक रबरी पट्टा डायनामोला फिरवतो, डायनामो बॅटरी भरतो, आणि भरलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी इंजिनाला उठवते. या साखळीत कुणीतरी कामचुकार होता.

विहिरीच्या मोटारी गुंडाळणारा आपला पुंजाराम आला. त्याने डायनामो खोलून ओट्यावर मांडला, आतले कार्बन बदलले, आणि हा तर नवा कोरा आहे असं सांगून पुन्हा बसवला. (एक नट उरला. तो कुठला, हे अजून दोघांनाही माहीत नाही.) मग डायनामो आणि बॅटरी यांच्या मधला कटआऊट बदलला. मग वायरी बदलल्या. मग ओट्यावरच्या सभेने दृष्ट लागल्याचा निर्णय दिला, म्हणून सुपाला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधली. आता तर इंजिन चालू केलं की आतून चींऽऽ असं रडल्यासारखं येऊ लागलं, आणि पाणीही जास्त तापायला लागलं. कारखान्याच्या आवारात एकदा मुरूम भरता भरता इंजिन बंद पडलं, तर ओव्हरसियरसाहेबांसकट सगळ्यांना धक्का मारावा लागला. त्यांच्या पांढऱ्या पँटीवर माझ्या ट्रॅक्टरचा मडगार्ड उमटला. उद्यापासून दुसरं सूप बघतो, असं ते पँट झटकत म्हणाले.

दुसरं सूप म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचा रंगनाथ. त्याला स्वतःच्या ट्रॅक्टरच्या जोडीला आमचाही हवा होता, आणि तो रोज येऊन आजाऱ्याला बघायला आल्यासारखा त्याच्याभोवती फिरून जायचा. शेवटी आप्पांनी त्याला निरोप धाडला आणि मला समोर बसवून एवढंच म्हणाले, "शनवारच्या बाजारापत्तूर ह्यो आपल्या पायानं उठला तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर रंगनाथ घिऊन जाईल, आन मी बाजारातनं जोडी आनीन." त्यांनी आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. पण ते हळू बोलले. ट्रॅक्टर गेला असता तर गेलाच असता, पण यापुढे घरात माझ्या शब्दाला कुणी विचारलं नसतं, याची मला जास्त भीती होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी बॉनेट उघडं टाकून त्याच्यासमोर दगडावर बसलो होतो. हात टेकले होते. इतक्यात आमची मांजर आली, रेडिएटरशेजारून आत चढली, आणि डायनामोचा पट्टा चाटायला लागली. मामा, चांगली डोळे मिटून, चवीने. पहिल्यांदा मी तिला हाकललं. ती परत आली. मग माझं डोकं चाललं. (मांजर डिझेल चाटत नाही, हा विचार माझा स्वतःचा आहे.) मी पट्ट्यावरून बोट फिरवलं तर ते सुळकन घसरलं. बोट पिवळं झालं. वास घेतला. तूप, आणि तेही राजूरचं. आणि हळद.

सगळं लख्ख दिसलं. तुपाने पट्टा पुलीवर घसरत होता, डायनामो अर्धामुर्धा फिरत होता, बॅटरी उपाशी राहत होती. चीं तो घसरणारा पट्टाच करत होता, आणि पंखा त्याच पट्ट्यावर असल्याने पाणी तापत होतं. पण पट्ट्याला तूप लावलं कुणी? मी गोठ्यात गेलो. आई रिकाम्या दावणीपाशी झाडलोट करत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती सहज सांगितल्यासारखं बोलली, की पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायची खांदेमळणी असते, तशी तिने यंदा ट्रॅक्टरची केली. आणि पुढे ट्रॅक्टर रडायला लागला तेव्हा खांदा दुखतो आहे हे कळून रोज पहाटे थोडं थोडं चोळत गेली.

"बैलं गेली म्हनून सन जातो का?" ती म्हणाली. "आता आपलं वढतो कोन? त्योच ना. मग खांदाबी त्याचाच चोळायचा."

मामा, मला हसू येणार होतं ते आलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने एकही पोळा बैलांच्या खांद्याला हात लावल्याशिवाय जाऊ दिलेला नाही. यंदा दावण रिकामी होती, आणि आम्ही दोघं बापलेक जोडी की ट्रॅक्टर यावर भांडत राहिलो, तिला कुणी काही विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. मी बरं म्हणालो आणि परत आलो.

मग मात्र वेळ घालवला नाही. पट्टा काढला, गरम पाण्यात सोडा आणि रिठा टाकून उकळपट्टी काढली, पुल्या चुलीतल्या राखेने घासल्या. (घासल्या मुक्ताने, पण कुठे घासायचं ते मी दाखवलं.) पट्टा ताणून बसवला. शनिवारी सकाळी ट्रॅक्टर उतारावरून एकदाच सोडला, आणि काय सांगू, मीटरचा काटा जो इतके दिवस मेल्यासारखा पडून होता तो उठला आणि भरतीच्या बाजूला जाऊन ठाम उभा राहिला. तासभर तसाच चालू ठेवून मी इंजिन बंद केलं. आप्पा फेटा बांधून बाजाराला निघालेच होते. रंगनाथ फाटकात उभा होता. ओट्यावर सभा भरलेली होती. मी कुणाकडे न बघता सेल्फ मारला.

उठला, मामा. एका हिसक्यात. मी तो पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. रंगनाथला नीट ऐकू आलं नसेल म्हणून आणखी एकदा केला. आप्पा मडगार्डवर चढून बसले आणि म्हणाले, "चल, बाजारात सोड." तसा मी त्यांना भर बाजारातून, सूप उंच करून, बैलांच्या बाजारापर्यंत घेऊन गेलो. सोमवारी ओव्हरसियरसाहेबांनी काम परत आपल्याला दिलं. (नवी पँट होती.) आणि आप्पा त्या दिवशी बाजारातून जोडी न आणता काय घेऊन आले, तर एक घुंगरमाळ. ती आता बॉनेटवर आहे. मुरूम भरताना छान वाजते.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला विजयी भाचा,
सहादेव

ता. क. खरं पत्र इथून पुढे आहे. आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही, लाइनीत फॉल्ट होता एवढंच गावाला सांगितलं. पण अवजारं-यंत्रं पुजायची खंडेनवमी तोंडावर आली, आणि यंत्र बरं झालं ते आपल्या चोळण्यानेच, अशी तिची खात्री आहे. त्या दिवशी साग्रसंगीत खांदेमळणी करायची म्हणते. ती या जगात फक्त आपल्या दादाचं ऐकते. तेव्हा आपण आदल्या दिवशी यावं, आणि खांदा म्हणजे पुढचं सूप, असं तिला आपल्या तोंडाने सांगावं. सुपाला डबाभर तूप चोपडलं तरी माझी ना नाही. माझं नाव मध्ये येऊ देऊ नये.

ता. क. २. एवढं लिहीत होतो तोच आई आली. दादाला लिहितोस तर माझंही दोन शब्द घाल म्हणाली. सांगितलं तसं घालतो: "दादा, वैशाखात पुजेला तू हात लावून दावलं हुतंस, समदा जोर ह्या पट्ट्यावर येतो म्हनून. तू दावलेल्या खांद्याला तुजंच तूप लावलं. लई गुन आला."

ता. क. ३. मामा, येताना एक नवा पट्टा आणा. तूप आणू नका.