टूथपेस्टमागचं पाकीट

भाचीबाई,

मनुष्यजातीला आजवर विज्ञानाइतका निःपक्षपाती न्यायाधीश मिळालेला नाही. सध्या हे न्यायाधीशमहाराज बाथरूममध्ये टूथपेस्टच्या मागे बसले आहेत.

तू आठव्या दिवशीच प्रेग्नन्सी टेस्ट करायला निघाली होतीस. पण औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, त्या प्रसंगानंतर एकवीस दिवस जाऊ द्या, मगच उत्तर खरं धरा. ते आज भरले. तुझे बाकीचे प्रश्नही विचारले. इमर्जन्सी गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते, आणि पुढे कधी मूल हवं असेल तर त्यात तिची आडकाठी नसते. माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना राहवेना. "कोणासाठी, आजोबा?" मी म्हणालो, "स्वतःसाठी."

खोटं बोलल्याची टोचणी लागली, म्हणून पाकिटातली एक पट्टी स्वतःवर वापरली. मी गरोदर नाही. बेसिनवरची पट्टी माझी आहे, तिच्यावर विसंबू नकोस. तुझी पाकिटात आहे.

तुझ्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. बारापर्यंत घर तुझं. दोन रेघा आल्या तर पुढचं सगळं तू ठरवायचंस, आईला सांगायचं की नाही तेसुद्धा. जिथे जायचं तिथे मी बरोबर येईन. फोन मात्र लगेच कर. आई शेजारीच बसलेली असेल, म्हणून एक रेघ आली तर "एक पिशवी दूध आण" म्हण, दोन आल्या तर दोन.

माझं वय लक्षात घेऊन, गंमत म्हणून तीन सांगू नकोस.

मामा