डबल कटची वही

३ मार्च, मंगळवार

डावा हात. अक्षर म्हणजे नुसते कावळ्याचे पाय! नर्स म्हणाली रोज थोडं लिहा, हाताला वळण लागेल. माळ्यावरच्या ढिगातली वरची वही घेतली. कारखान्यातली बाद वही, फुकटची. दहा वेळा नाव लिहिलं. दमले.

४ मार्च, बुधवार

पुठ्ठा कुठे गेला?

दिवसभर डोक्यात एवढंच. हात ठणकतो त्याचं काही नाही. तो पुठ्ठा कुणाच्या हातात आहे?

६ मार्च, शुक्रवार

लिहूनच टाकते. माणसांना सांगता येत नाही, वहीला सांगते. पहिल्यापासून.

कटिंग मशीनला दोन बटणं असतात. टेबलाच्या दोन टोकांना. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, पात्याखाली जायची सोयच नाही. युक्ती चांगली आहे. पण वह्यांचा गठ्ठा सरळ धरायला हात लागतो ना! म्हणून डाव्या बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खुपसायची. बटण दाबलेलंच राहतं. एक हात मोकळा, काम दुप्पट. सगळे करतात. मला फोरमननेच शिकवलं, मशीनवरच्या पहिल्या दिवशी. भिंतीवर पाटी आहे, 'दोन्ही हातांचा वापर करा'. त्या पाटीखाली उभा राहून शिकवलं.

सतरा फेब्रुवारीला पण घडी होती. मी खुपसलेली. माझ्या हाताने.

पातं खाली आलं, गठ्ठा कापला, वर गेलं. वर गेलेलं मी पाहिलं! मग गठ्ठा ओढायला हात घातले. उजवा पुढे. आणि पातं परत आलं.

मधली दोन बोटं पूर्ण गेली, पहिलं अर्धं.

फोरमन हॉस्पिटलात आला तेव्हा म्हणाला, "उजव्या बटणाला तुझं कोपर लागलं असणार." मी मान हलवली. रात्रंदिवस तेच घोळतंय. एका कोपराने पातं पडतं कधी? दुसरं बटण आधीच दाबलेलं असेल तरच. म्हणजे त्याला पुठ्ठ्याचं माहीत आहे. म्हणजे माझंच पाप, आणि ते त्याच्या खिशात.

पुढे लिहवत नाही.

९ मार्च, सोमवार

फोरमन घरी आला. एरवी "ए कटिंग!" म्हणून हाक मारायचा. आज "ताई". 

कागद आणलाय. हॉस्पिटलचा खर्च कंपनीने केला, बरी झाल्यावर पॅकिंगला हलकं काम मिळेल, आणि माझं कंपनीकडे काही मागणं उरलं नाही. असं मी लिहून द्यायचं. वीस तारखेपर्यंत. "नाहीतर चौकशी लागेल ताई. चौकशीत बटणं तपासतात." हे बोलताना चहा फुंकत होता! कप खाली ठेवला नाही की आवाज चढवला नाही.

मी म्हटलं, सही कशी करू, हात हा असा. तर म्हणाला, अंगठा चालेल.

सासूबाई कोपऱ्यात काहीतरी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अडीच बोटं घेतलीत. आता अंगठा पण पाहिजे का तुम्हाला?"

फोरमनने चहा अर्धा टाकला आणि गेला. कागद ठेवून गेला.

हे संध्याकाळी गाडी लावून आले, कागद वाचला, परत वाचला. "देऊन टाक अंगठा. मोठ्यांशी भांडून कुणाचं भलं झालंय?"  

१० मार्च, मंगळवार

कामगार कार्यालयात गेले. सासूबाईंना घेऊन. ह्यांना सांगितलं नाही.

तिथे एक वकीलबाई बसतात, कामगारांना फुकट सल्ला देतात. चष्मा केसांवर, आणि तो टेबलावर शोधत होत्या. मला वाटलं, झालं, ह्या काय आपलं बघणार! पण बोलायला लागल्या तसं एकेक डोक्यात शिरलं. अपघाताची लेखी सूचना मालकाला द्यायची, पोच घ्यायची. उपचार चालू आहेत तोवर पगाराचा हिस्सा मिळतो. तो दान नाही, हक्क आहे. मग डॉक्टर ठरवणार हात किती टक्के गेला, त्यावरून एकरकमी भरपाई. हाताचे टक्के! शाळेत कधी टक्के मिळाले नाहीत, आता मिळणार.

आणि असल्या घरगुती कागदावर अंगठा द्यायचा नाही. तडजोड करायचीच तर त्या कार्यालयातल्या साहेबांसमोर, नोंद करून. वीस तारखेला पहिली सुनावणी लावून घेतली.

मी हळूच विचारलं, चूक कामगाराची असली तर?

"चूक, घाई, दमणूक, यानं हक्क बुडत नाही. माणूस आहे, चुकणारच. पण सुरक्षेचं साधन मुद्दाम निकामी केलं असं कंपनीने सिद्ध केलं, तर मात्र अवघड." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तसं काही आहे का?"

"नाही," म्हटलं.

सासूबाईंनी बाहेर आल्याबरोबर पाणी पाजलं. त्यांनी काही विचारलं नाही. न विचारणं हे त्यांच्या स्वभावात नाही! म्हणजे चेहऱ्यावर दिसलं असणार.

१२ मार्च, गुरुवार

मोजणीवाली अजून आली नाही. सहा वर्षं माझ्या शेजारी उभी राहून पानं मोजते, रोज एका डब्यातलं खातो, आणि आता फिरकत नाही. त्या दिवशी सगळ्यात आधी मशीनपाशी तीच धावली. तिने काय पाहिलं?

सासूबाईंनी माळा आवरला. रद्दीवाला येऊन गेला. घर मोकळं दिसतंय म्हणाल्या. मला कसलं मोकळं!

१३ मार्च, शुक्रवार

आपला हात जगन्नाथ म्हणतात. माझा जगन्नाथ आंघोळीला पण परावलंबी.

१५ मार्च, रविवार

आली! दारातच रडायला लागली. मी म्हटलं, अगं बोटं माझी गेली, रडतेस तू? तर जास्तच रडली.

मग सासूबाई बाजारात गेल्यावर जवळ सरकली आणि कानात सांगितलं. पुठ्ठा तिने काढला. मला उचलून नेत होते, सगळे माझ्याकडे बघत होते, तेवढ्यात तिने घडी ओढली, एप्रनच्या खिशात घातली. घरी जाऊन गॅसवर जाळली. "राख मोरीत सोडली. आता कुणाच्या बापाला कळणार नाही. फोरमनकडे काही नाही, नुसता दम देतोय. मला विचारलं ना, शपथ घेऊन सांगेन, बटणं मोकळी होती."

इतके दिवस का नाही आली विचारलं, तर म्हणाली, "भीती वाटली गं. फोरमन रोज मशीनभोवती फिरतो, मग माझ्याकडे बघतो."

ती गेल्यावर मी हसले. खरंच हसले, जवळजवळ चार आठवड्यांनी. पुठ्ठा नाहीच जगात!

आणि मग ही वही दिसली समोर. सहा तारखेचं पान. जगात आता फक्त इथे लिहिलंय. वेडी बाई मी! आपल्याच हाताने विषाची बाटली भरून ठेवली. उद्या जाळते ही.

१६ मार्च, सोमवार

जाळायला घेतली होती. शेगडी पेटवली. डाव्या हातात वही, अंगठा कडेवर.

अंगठ्याला पायरी लागली.

उभी धरली, उजेडात नेली. कड सरळ नाही. वरून तीन बोटं खाली येईपर्यंत एक काप, केसाएवढा आत, आणि मग पुढची कड. डबल कट. असल्या वह्या महिनाभर रोज दोन-चार निघत होत्या. बाद व्हायच्या, फोरमन म्हणायचा, "न्या घरी, पोरांना होतील." आम्ही म्हणायचो गठ्ठा सरकला. मीच म्हणायचे! एवढी वर्षं कापतेय आणि डोकं गहाण ठेवल्यासारखी बोलायचे. गठ्ठा सरकला तर कड तिरकी होते, एकच सरळ तिरकी. पायरी होत नाही. पायरी व्हायला पातं दोनदा यावं लागतं.

एकदा बटण दाबून दोनदा!

म्हणजे वर गेलेलं पातं मी खरंच पाहिलं होतं. कोपर लागलंच नव्हतं. पुठ्ठा असता काय, नसता काय, दोन्ही बटणं नीट दाबून हात काढला असता आणि गठ्ठा उचलायला गेले असते तरी ते आलंच असतं.

मागच्या कव्हरच्या आत शिक्का आहे. सात फेब्रुवारी, मशीन तीन. माझंच मशीन. आणि त्याखाली फोरमनची निळी फुली, बादची. त्याने बघितलं होतं. अपघाताच्या दहा दिवस आधी हातात घेऊन बघितलं होतं.

गॅस बंद केला. वही मांडीवर घेऊन खालीच बसले.

१७ मार्च, मंगळवार

माळ्यावर एकही वही नाही. सगळ्या रद्दीत! सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी चपला पण नीट घातल्या नाहीत, तशाच निघाल्या. मी मागे. रद्दीवाल्याचं दुकान बंद होतं, त्याला घरून उठवून आणला. "आजी, तो माल शनिवारीच गेला. लगदा झाला असेल आतापर्यंत." सासूबाई त्याला काय काय बोलल्या! त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. वाटेत मात्र माझा डावा हात धरला. मग म्हणाल्या, "पोरी, माझी साफसफाईच नडली गं तुला." त्यांना रडताना मी दुसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा सासरे गेले तेव्हा.

मोजणीवालीकडे पण नाहीत. तिची पोरं केव्हाच मोठी झाली. कारखान्यातल्या तर रोजच्या रोज लगद्याला जातात, आणि मशीनचा क्लच, पातं वर रोखून धरतो तो, फोरमनने एव्हाना बदलून घेतला असेल. नाहीतर रोज भोवती कशाला फिरतोय?

राहिली ही एक. मी हिच्यात लिहीत बसले म्हणून वाचली.

वकीलबाईंना फोन केला. पायरीचं सांगितलं, तर ओरडल्याच, "जशीच्या तशी आणा! पान हलवू नका. कोरीच आहे ना?"

म्हटलं, नाही. मी रोज लिहिते त्यात. अपघातानंतरचं.

"मग तर छानच! तारखांसकट."

छान म्हणे! फोन ठेवला आणि सहा तारखेचं पान काढून परत वाचलं.

१८ मार्च, बुधवार

पिना उघडल्या.

कटिंगला यायच्या आधी आठ वर्षं पिना मारल्यात मी. नखाने उचलायच्या, सरळ करायच्या, लिहिलेले ताव काढून घ्यायचे, पिना परत बसवायच्या. कोरी वही तेवढी राहील. कड तीच, शिक्का तोच, फुली तीच. पुठ्ठा शेगडीत, ताव शेगडीत. एक पिन डाव्या हाताने पाऊण तास घेत होती. पहिली उचलली. दुसरी अर्धी.

मग नुसती बघत बसले. शंभर पानी वही किती जाड असते हे फोरमन झोपेत सांगेल. पिना एकदा उघडल्या की भोकं सैल पडतात, तेही त्याला कळणार. हातात घेईल आणि म्हणेल, साहेब, ही वही फोडलेली आहे. मग पायरी पण खोटी, मी पण खोटी.

आणि नाही कळलं तरी? मोजणीवाली शपथ घेऊन खोटं सांगणार, माझ्यासाठी. तिचे डोळे रविवारी कसे झाले होते. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला की ती कोसळणार. तिचं काम जाणार. मी तिला काय म्हणून तिथे उभी करू?

पिना परत दाबल्या. बशीच्या काठाने. भोकं फार सैल झाली नाहीत. असं वाटतं.

१९ मार्च, गुरुवार

मोजणीवालीला सांगितलं, तू काही सांगू नकोस, विचारलं तर खरं सांग. ती म्हणाली तुला वेड लागलंय. ह्यांना सगळं सांगितलं, पुठ्ठ्यापासून. वाटलं ओरडतील. पण म्हणाले, "उद्या मी सुट्टी टाकतो. सोबत येतो." फोरमनचा कागद घडी करून माझ्या पिशवीत ठेवला, अंगठ्याशिवायच.

भीती गेली नाही. पाचावर धारण बसलीय. भरपाई गेली तर हाताचं पण गेलं, कामाचं पण गेलं, आणि पॅकिंगला कोण घेणार मला? सासूबाई म्हणतात, "बोटं गेली, जीभ आहे ना शाबूत?" आहे. पण उद्या चालेल का, देव जाणे.

२० मार्च, शुक्रवार. कामगार कार्यालय, बाहेरच्या बाकावर.

साहेब,

वाचायच्या आधी वही मिटून उभी धरा आणि कडेवरून अंगठा फिरवा. पायरी लागेल. मागच्या कव्हरच्या आत तारीख आहे, मशीनचा नंबर आहे, फुली आहे. ते बघा. मग वाचा, सहा मार्चचं पान सोडू नका. पुठ्ठा मीच लावला होता. अठराला पिना उघडल्या, त्या पण मीच.

पानं शंभर आहेत. मोजून घ्या.