गच्चीच्या दारातली वायर

रविवार, ३ मार्च

बसलं म्हणे! सासूबाईंच्या गच्चीवर सोलर. दहा पॅनेल. आणि मला कळलं कधी? बसून, पुसून, फोटो काढून झाल्यावर. तोही फोटो बायकोच्या फोनवर, तिच्या बहिणीकडून आलेला.

अठरा वर्षं मी हेच काम करतोय. लोकांच्या गच्च्यांवर उन्हात भाजून घेतोय. सासूबाईंना हे ठाऊक नाही असं नाही. पण काम दिलं धाकट्या जावयाला. साडू माझा! तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ पाण्याचे फिल्टर विकत होता. मग कुठलासा कोर्स केला, परवाना मिळवला, झाला सोलरवाला. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

बायको फोटो मोठा करकरून बघत होती. म्हणाली, "किती सुबक काम आहे बघा. एक पाइप दिसत नाही कुठे."

एक पाइप दिसत नाही — हे कौतुक! जेवण अर्ध्यावर टाकून उठलो. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. अगदीच खोटं नव्हतं.

मंगळवार, ५ मार्च

मालकांनी बोलावलं. कुण्या गिऱ्हाइकाची तक्रार — भिंतीवरून खाली आणलेला वायरींचा लोखंडी पाइप डोळ्यांना खुपतो, घराची शोभा गेली. जरा नाजूक हातानं करत जा, असं मालकांचं म्हणणं. मी नेहमीचंच ऐकवलं. जिथे माणसाचा हात पोचतो, शिडी टेकते, बादली आपटते, दार घासतं, तिथे वायर उघडी ठेवायची नाही. नियम आहे. घरातला मेन स्विच बंद करता येतो, सूर्य बंद करता येत नाही! ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणारी वायर जिवंतच.

"पाठ झालंय हो मला," मालक म्हणाले.

कामावरची मंडळी माझ्या मागे मला पाइपबुवा म्हणतात. म्हणू देत. साडूला कोणी पाइपबुवा म्हणणार नाही. त्याला सगळे 'काय काम आहे!' म्हणतात.

शनिवार, ९ मार्च

सासूबाईंनी जेवायला बोलावलं होतं, दोन्ही लेकी-जावयांना. निमित्त अर्थातच सोलर. जेवताना दुसरा विषय नाही. सासूबाई त्याला म्हणतात, अरे, घे ना अजून. मला म्हणतात, तुम्ही घ्या हं, संकोच करू नका. अकरा वर्षांचा जावई मी, चार वर्षांचा तो. तरी त्याला अरे, मला अहो. मान म्हणे! असला मान पाहुण्याला देतात.

जेवणानंतर म्हणाल्या, "तुम्ही एकदा वर जाऊन बघून या ना. तुमच्या नजरेखालून गेलं की माझ्या जिवाला बरं वाटेल." आता आठवण झाली! सगळं झाल्यावर! तरी गेलो. एकटाच गेलो. साडू खाली मेव्हणीला भांडी आवरू लागत होता — तेही करतो तो.

काम खरंच चांगलं आहे. लिहितोय, कारण ही वही कोणी वाचत नाही. पॅनेलची ओळ सुतात. खालच्या वायरी नीट बांधून उचललेल्या, एकही लोंबत नाही. मी गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून शोधलं. काही सापडेना. जीव कासावीस झाला माझा!

मग सापडलं. दोन्ही वायरी भिंतीला भोक न पाडता गच्चीच्या लोखंडी दाराच्या चौकटीतून आत घेतल्यात. बिजागरीच्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात. पाइप नाही, पट्टी नाही, काही नाही. दार पूर्ण उघडलं की त्याची खालची धार बरोबर दोन्ही वायरींवर बसते. मी उघडून बघितलं. आवरणावर नखाएवढी चकाकी आलेली आहे आत्ताच. काळा थर झिजतोय. भिंतीत एक भोक आणि हातभर पाइप — अर्ध्या तासाचं काम.

आणि मला काय झालं? आनंद! लाज वाटते, पण झाला.

खाली आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनी विचारलं, कसं आहे? मी म्हणालो, ऊन छान मिळतं.

रविवार, १० मार्च

अठरा तारखेला सोलर तपासून पास करायला इन्स्पेक्टर येणार आहे. त्याला दिसेलच. तो सांगेल, चारचौघांत सांगेल, लेखी सांगेल. मी सांगितलं तर काय होणार — बायको म्हणेल, तुम्ही जळता त्याच्यावर. (जळतो. पण म्हणून वायर झिजायची थांबत नाही.) इन्स्पेक्टर म्हणाला तर तो नियम, मी म्हणालो तर ती पोटदुखी!

आठच दिवसांचा प्रश्न आहे. आठ दिवसांत काही होत नाही.

बुधवार, १३ मार्च

सासूबाई रोज दोनदा गच्चीवर जातात. सकाळी कपडे वाळत घालायला, दुपारी काढायला. म्हणजे मी बघून आल्यापासून आठ वेळा. मी कशाला मोजतोय?

शुक्रवार, १५ मार्च

साडूचा फोन. मला फोन तो कधी करत नाही.

म्हणाला, "दादा, सोमवारी इन्स्पेक्टर येतोय. तुम्ही वर बघून आलात ना? खरं सांगा, काही राहिलंय का? त्या दाराजवळ मला जरा शंका आहे. पाइप आणून ठेवलाय मी, लावू का?"

लाव. एवढं एकच बोलायचं होतं. दोन अक्षरं!

पण मला असला राग आला! दिसायला बरा, बोलायला गोड, सासूबाईंचा लाडका, आणि वर स्वतःची चूकही ओळखणारा! मग माझ्यासाठी शिल्लक काय ठेवलं त्यानं? माझ्याकडे हीच एक गोष्ट होती — त्याला न दिसलेलं मला दिसलं होतं. तीही त्याला अर्धी दिसत होतीच.

मी म्हणालो, इन्स्पेक्टर सांगेल ना काय ते.

तो मोकळेपणानं हसला. तुम्हाला खटकलं नाही म्हणजे झालं, म्हणाला, तुमच्याइतकं कडक कोण बघतं? पाइप दुसऱ्या कामावर नेतो म्हणाला. मग बायकोची, माझी तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

परत फोन करायला हात पुढे केला होता. मग चहा प्यायलो.

सोमवार, १८ मार्च

पास.

बायकोनं माहेरी फोन लावून सगळं ऐकलं आणि मला सांगितलं. इन्स्पेक्टर आला. खाली मीटर बघितला, इन्व्हर्टर बघितला. जिन्याकडे बघून गुडघ्यावर हात ठेवला. सासूबाईंनी सांगितलं, आमचे थोरले जावई वर जाऊन बघून आलेत. कोण, असं विचारल्यावर माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "ते होय! ते पाइपवाले? त्यांनी बघितलंय तर मी वेगळं काय बघणार?" आणि खालीच सही केली.

अठरा वर्षांत या माणसानं माझ्या कामाला कधी बरं म्हटलं नाही. दर वेळी काहीतरी खोट काढायचा. आज पहिल्यांदा भरवसा ठेवला माझ्यावर. आजच!

बायको खूश होती. म्हणाली, बघा, तुमच्या नावाला किती किंमत आहे.

मंगळवार, १९ मार्च

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आता सांगावं तर पहिला प्रश्न — मग तेव्हा गप्प का बसलात? काय उत्तर देऊ? ऊन छान मिळतं?

ठरवलंय. रविवारी सकाळी काहीतरी निमित्त काढून जायचं आणि भोक पाडून पाइप लावून टाकायचा. सहज आलो होतो, हात लावून दिला, असं सांगायचं. संध्याकाळी पाइप, क्लॅम्प, स्क्रू घेऊन आलो. पिशवी दाराआड ठेवली. बायकोनं विचारलं, हे कशाला? म्हटलं, एका गिऱ्हाइकाकडचं आहे.

तोवर दार अर्धंच उघडत जा, एवढं तरी सांगावं म्हणून सासूबाईंना फोन केला. त्यांनी उचलला. मी त्यांची तब्येत विचारली. त्यांना इतका आनंद झाला! मी एरवी आपणहून फोन करत नाही. खूप वेळ बोलल्या — गुडघे, शेजारीण, धाकटीचा खोकला. मी हं हं करत राहिलो. दाराचं बोललोच नाही.

गुरुवार, २१ मार्च

दुपारी मेव्हणीचा फोन. सासूबाई कपडे काढायला वर गेल्या. दार लोटलं आणि मोठा आवाज झाला, कोपऱ्यात निळा जाळ. पदर पेटला. उजवा हात भाजला, कोपरापर्यंत. शेजारीण धावत आली म्हणून वाचल्या. तिनं खालचा मेन स्विच बंद केला तरी जाळ सुरूच होता. साडू आला आणि त्यानं पॅनेलवर ताडपत्र्या टाकल्या तेव्हा विझला. बरोबर केलं त्यानं. मी असतो तर हेच केलं असतं.

मी कामावरून थेट हॉस्पिटलमध्ये गेलो. सासूबाईंना गुंगीचं औषध दिलं होतं. डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्वीसारखी वळतीलच असं नाही. बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

शुक्रवार, २२ मार्च

साडू पलंगाशी उभा राहून सगळ्यांसमोर रडला. चूक माझी, आई, म्हणाला. सासूबाईंनी डाव्या हातानं त्याला जवळ ओढलं. म्हणाल्या, "रडू नकोस. यांच्यासारख्या माणसाला दिसलं नाही, तिथे तुला कुठून दिसणार?"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "हो. मला नाही दिसलं."

साडूनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. फोनवर त्यानं मला दाराचं विचारलं होतं, हे तो कुणालाच बोलला नाही.