बोंडं तोडायची डाळिंबी पट्टी

मु. वाडी, धाडजवळ

चिरंजीव भाऊ माणिकराव,

थोरल्या बहिणीचा, सत्यभामाबाईचा, आशीर्वाद. इथं आम्ही सारे जागच्या जागी हाओत. तिथं देऊळगावात तुम्हाले बालाजी सांभाळूनच घेत असन. तुझं डोकं दुखते म्हणे, आता कसं हाये? डोक्याले जप. पण उठसूठ पटका बांधू नको. (काऊन, ते खाली लिवते.)

सुगी सरली की आम्ही बाया शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या निवडुंगाची बोंडं तोडून धाडच्या बाजारात नेतो, अन् भगवंतराव सरबतवाला सारीच्या सारी घेते, हे तुले ठाव हाये. पण जितक्या बाया तितके लाल! शेजारच्या मंजुळाबाईले कोवळं बोंडबी लाल दिसते, अन् माझी धाकटी जाऊ केसरबाई काळं पडल्याबिगर लाल म्हणत नाही. रोजची कटकट. मी म्हटलं, धान्याले माप हाये, तर रंगाले काऊन नको? माझ्या डाळिंबी लुगड्याचा पदर फाडला (नवं होतं, हळहळू नको) अन् एकेक पट्टी एकेकीच्या बोंडं तोडायच्या चिमट्याले बांधून देल्ली. बोंड पट्टीइतकं लाल झालं तर तोडा, नाही तर हात लावू नका.

पहिल्या बाजारी भगवंतराव खूश. मग पाह्यलं, पट्ट्यांवर रस सांडते, धूळ बसते. घाणेरड्या मापानं खरं माप कसं होईन? हुकूम सोडला, रोज पट्टी सोड्यानं धुवायची अन् कडक उन्हात वाळवायची. साऱ्यांनी ऐकलं. केसरबाई तेवढी आळशी. चारचौघीत झापली तिले. तर म्हणे, "अवं बाई, बोंडं तोडू का चिंध्या धुत बसू?"

त्यानंतर दर बाजारी माल आंबट. गेल्या बाजारी भगवंतरावानं चाखून थुंकलंच. म्हणे, "बाई, हे सरबताचं हाये का लोणच्याचं? पुढच्या बाजारी असंच आणलं तर तुमची बोंडं बंद!" (आमचा उन्हाळा त्यावरच निघते.) मी मंजुळाबाईवर खेकसली, ते बिचारी रडली. मग घरी येऊन मीच साऱ्यांच्या टोपल्या चाखल्या. गोड निघाली फक्त केसरबाईची. पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. तिची मळकी, पण डाळिंबी. आमच्या धुऊन धुऊन गुलाबी! पट्टी फिकी होत गेली तशी आम्ही कच्ची बोंडं तोडत गेलो, अन् तेबी अगदी मापात.

आता केसरबाई ते पट्टी कमरेले खोसून फौजदारणीसारखी हिंडते. माझ्याच लुगड्याची पट्टी मी तिच्यापाशी मागू? जीभ झडली तरी मागणार नाही. अन् मापबी सोडणार नाही. माप खरंच होतं, धुणं नडलं.

वहिनीले अन् लेकराईले माया सांग. कागद संपला.

सत्यभामाबाई

ता. क. तुझ्या लग्नातला पटका अस्सल डाळिंबी हाये अन् त्याले पाणी लागलं नाही. पुढच्या बाजारी तो बांधून धाडले ये अन् माझ्या टोपलीपाशी मान खाली घालून बैस. बोंडं तुझ्या डोक्याले लावून दाखवीन भगवंतरावाले. उन्हात रंग उडते, छत्री आण.

पुन्हा ता. क. डोकं फारच दुखत असन तर येऊ नको. एसटीच्या कंडक्टरजवळ नुसता पटका पाठव. तुझं तसं काही काम नाही.