चपलांची दिशा

२२ नोव्हेंबर, रविवार दुपार

चि. शंकेखोर बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. नळाला पाणी आहे, तुझ्या बाबांचा खोकला कमी आहे आणि माझ्या संस्कृतच्या वर्गात ‘फल’ हा नपुंसकलिंगी शब्द अजूनही पुल्लिंगीच चालवला जातो.

‘समतोल म्हणजे अभिक्रिया थांबणे’ असं लिहिलंस म्हणून रसायनशास्त्राच्या सरांनी गुण कापले? कापणारच! अगं, थांबत काहीच नाही. सरळ अभिक्रिया ज्या वेगाने चालते त्याच वेगाने उलटी चालते, म्हणून भांड्यात काही बदललेलं दिसत नाही. संस्कृतवालीला हे कुणी शिकवलं, म्हणशील. तुझ्या आईच्या चपलांनी.

ताई गेल्यापासून मी इथेच आहे. बाबा रोज सकाळी तिच्या चपला कपाटातून काढून दाराशी ठेवतात, बोटं घराकडे, जणू आत्ताच बाहेरून आली. संध्याकाळी मी त्या परत कपाटात ठेवते. शेजारीण म्हणते, “किती छान सावरलात हो!” समतोल, दुसरं काय.

आता गृहपाठाच्या आडून विचारलेला खरा प्रश्न. कॉलेज सोडून घरी आलीस, तर बाबा लवकर सावरतील का? ‘मी उत्प्रेरक होईन’ म्हणतेस. शब्द गोड आहे. उत्, प्र आणि ईर् म्हणजे हलवणं, ढकलणं. पण उत्प्रेरक दोन्ही दिशांचा वेग सारखाच वाढवतो, बाळा. समतोल लवकर येतो, पण व्हायचा तिथेच होतो. तू आलीस तर चपला जरा चपळाईने आतबाहेर करतील, एवढंच. शिवाय उत्प्रेरक होता तसाच बाहेर पडतो म्हणे. या घरातून तू तशी पडशील? मी काही तशी राहिलेली नाही.

खोकल्याचं लिहिलं ते फोनवर ऐकलेलं. बाबा आठवडाभर तुझ्या काकांकडे आहेत.

चपला तरीही रोज सकाळी दाराशी असतात. कपाटाची किल्ली सध्या माझ्या उशाखाली, तेव्हा झोपेत मीच काढत असेन. असेन काय, आहेच. फक्त आता बोटं बाहेर असतात. निघायच्या बेतात असल्यासारखी. काल उचलायला वाकले आणि तोंडून गेलं, “ताई, कुठे निघालीस?” आणि बराच वेळ तशीच वाकून उभी होते.

समतोल टिकतो तो बंद भांड्यात. त्यातलं काही बाहेर काढलं, की तो सरकतो. हे तुझ्याच पुस्तकात आहे, पुढच्या पानावर. म्हणून सोबत पार्सल पाठवतेय. ताईच्या चपला तुझ्याच मापाच्या आहेत. घाल, वर्गात जा, चांगल्या झिजव. बाबा परत येऊन रिकामी जागा बघतील, तेव्हा मी त्यांच्या शेजारी असेन.

सुट्टीत मात्र त्याच घालून ये. दारात काढशील तेव्हा मला बघायचंय, बोटं कुणीकडे असतात ते.

उद्यापासून नुसती फरशी पाहणारी,
तुझी मावशी