उडीचा तुकडा

दि. २ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. बोलायला लागलो की आवाज फुटतो, त्यापेक्षा कागद बरा.

तुला कळलंच असेल. आपण जिथे सिनेमा केला त्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं ग्रंथालयाच्या खिडकीतून उडी मारली. आपल्या नायकासारखीच, खाली गवताची हातगाडी उभी करून. मैत्रिणी खालून टाक उडी, टाक उडी म्हणून ओरडत होत्या, सिनेमात ओरडतात तशाच. गाडी कलंडली. मुलीचा मणका मोडला. कमरेखाली काही जाणवत नाही म्हणतात.

मी तो प्रसंग लिहिला तेव्हा वाटलं होतं, कॉपी करणारा एक घाबरट पोरगा खिडकीतून सटकतो, लोक हसतील आणि घरी जातील. ते घरी गेलेच नाहीत. दरवर्षी संमेलनात तिथली मुलं कट्ट्यावरून उड्या मारतात, मला कौतुकानं कळवतात, आणि मी शहाण्यासारखा शाबासकी पाठवत आलो. आमचा दूधवालासुद्धा मला बघितलं की टाक उडी म्हणतो. परवापर्यंत मी हसायचो.

सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुढच्या महिन्यात कॉलेजात जुनी प्रत दाखवणार आहेत. थांबवा म्हटलं तर प्राचार्य म्हणाले, आमंत्रणं गेली. प्रत तपासायला तुझ्याकडेच येईल. ताई, संकलन तू केलंस, तेवढा तुकडा तूच काप. निदान त्या एका जागी त्या सभागृहात शांतता होऊ दे. मग कदाचित मला झोप लागेल.

तुझा लोभ आजवर मागावा लागला नाही, आज मागतो.

तुझा धाकटा


दि. ९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी बायको कळवते की तू जेवत नाहीस. आधी जेव. उपाशीपोटी तुला कधी धड पटकथा सुचली नाही, पश्चात्ताप काय जमणार.

मी हॉस्पिटलात जाऊन आले. मुलीची आई उशाशी स्टुलावर बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, लहानपणी लेकीला ताप आला की ती तिला आपला सिनेमा लावून द्यायची, म्हणजे पोर हसायची आणि औषध घ्यायची. दोष दिला नाही. दिला असता तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं.

मुलीनं एकच विचारलं, नायकाला लागलं कसं नाही. मी सरळ सांगितलं. तो त्या खिडकीत फक्त पाय सोडून बसला होता. मागच्या अंगणात टेबलाएवढ्या उंचीवर फळी बांधून तू त्याला गवतात लोळवलंस. त्या दोन तुकड्यांच्या मध्ये मी वर बघणारा शिपाई घातला, त्याच्या डोक्यावरची टोपी खाली पडते. बघणाऱ्याला वाटतं माणूस पडला. कुणीच पडलं नव्हतं.

ती म्हणाली, मला तो पडताना दिसायचा. एवढं बोलून तिनं मान भिंतीकडे फिरवली. पाठ हलवायला मनाई आहे, मान तेवढीच फिरते.

त्या टोपीचं मला किती कौतुक होतं ते तुला ठाऊक आहे. संकलनाचं बक्षीस घेताना मी तीच गोष्ट सांगितली होती.

तुकडा कापून काही होणार नाही. सिनेमा आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर आहे. तरी कापते. तू मागितलंस म्हणून, पटलं म्हणून नाही.

माझी माया तुला कडू लागते, पण ती आहे.

तुझी ताई


दि. २० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दोन घास गेले. तू कापणार म्हटल्यावर गेले, हे खरं.

खेळाला मी येत नाही. मी दिसलो की टाळ्या वाजतील. तू मागच्या रांगेत बस आणि जे झालं ते कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसा तुझा स्वभावही नाही.

रागावलीस तरी दूर करू नकोस.

तुझा धाकटा


दि. १८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खेळ काल झाला. तुकडा मी नीट काढला होता. नायक चिठ्ठी लपवतो, सुपरवायझर वळतो, आणि थेट निकालाचा दिवस. सांधा कळू नये इतका चांगला बसला.

सभागृह तुडुंब भरलं होतं. सुरुवातीला मीही दोनदा हसले. सांगायला लाज वाटते, पण तू तेव्हा चांगलं लिहायचास. मग परीक्षा आली. सुपरवायझर वळला आणि पडद्यावर निकालाचा फलक आला. क्षणभर सगळे खरंच गप्प झाले. तुला हवं होतं तेच झालं असं मला वाटलं.

मग बाल्कनीतून कुणीतरी टाक उडी म्हणालं. मग त्याच्या शेजारचा. मग सगळं सभागृह पाय आपटत तेच ओरडायला लागलं. पडद्यावर नायक निकाल वाचत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ओरडून झाल्यावर सगळे मिळून हसले. एवढं हसू मी पहिल्या खेळालाही ऐकलं नव्हतं.

बाहेर येताना माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीला मी थांबवलं. हॉस्पिटलात कोण पडलंय ते ठाऊक आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, हॉस्टेलवर माझ्याच खोलीतली आहे, आम्ही दर रविवारी जातो, फार रडलो सगळ्या. मग तू का ओरडलीस, मी विचारलं. तिनं खरोखर विचार केला. म्हणाली, आजी, ते आपोआप तोंडात येतं.

चेहरा भला होता. मला तिच्यावर रागावता आलं नाही, आणि रागवायला दुसरं कुणी तिथे नव्हतं.

काढलेला तुकडा टेबलावर पडून आहे. त्याचं काय करायचं ते कळव. मला सुचत नाही.

जेवत जा. माझी माया आहे तिथेच आहे. तिचा तुला काय उपयोग, ते मला सांगता येत नाही.

तुझी ताई